दुसऱ्याच्या पानावरचे व्रत

माणसाने स्वतः घेतलेले व्रत कितीही कडक पाळावे. त्याची किंमत तो आपल्या देहाने आणि मनाने चुकती करीत असतो, आणि त्या दोहोंची संमती त्याने आधीच घेतलेली असते. परंतु ज्याचे वय अद्याप संमती देण्याइतके झालेले नाही अशा मुलाला, ते आपल्या पोटी आले एवढ्याच अधिकाराने, आपल्या व्रतात सामील करून घ्यावे काय, आणि घ्यावे तर कोठपर्यंत, हा प्रश्न धर्मविचारात जुना असूनही गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या काही घरांत अगदी नव्या रूपाने उभा राहिला आहे. दूध, दही, लोणी, तूप आणि मध हे सारे प्राण्यांपासून त्यांच्या इच्छेचा विचार न करता घेतलेले पदार्थ म्हणून ज्यांनी वर्ज्य केले, आणि १९४४ साली इंग्लंडात स्थापन झालेल्या एका संस्थेने रूढ केलेल्या नावाने ज्यांना आज व्हीगन म्हणतात, अशी तरुण दांपत्ये पुण्यात, मुंबईत, नाशकात आता अपूर्वाईची राहिलेली नाहीत. त्यांची मुले सहा-सात वर्षांची झाली. ती दप्तर आणि डबा घेऊन शाळेत जातात, वर्गमित्राच्या वाढदिवसाला बोलावली जातात, गणपतीत चार घरी आरतीला उभी राहतात आणि आरती संपली की सर्वांबरोबर हात पुढे करतात. त्या पुढे केलेल्या हातावर पेढा पडतो. तेथे काय व्हावे, याचा विचार मला करावयाचा आहे.

दुधाविषयी या मंडळींची जी तक्रार आहे ती मला खरी वाटते, हे आरंभीच सांगितले पाहिजे. गाय काय किंवा म्हैस काय, व्याल्यावाचून दूध देत नाही, आणि जन्मणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. नांगर, मोट आणि गाडा ही कामे यंत्रांनी उचलली, वळूचे काम कृत्रिम रेतनाने उचलले, आणि गोठ्याच्या जमाखर्चात त्या नराला जागा उरली नाही. म्हशीच्या पारडाला आचळाला लावतात ते अनेकदा पान्हा फुटण्यापुरतेच. पुढे ते जगले काय आणि खंगून मेले काय, त्याची चौकशी करणारा कोणी नसतो. ज्ञानदेवांनी पैठणास रेड्याच्या मुखी वेद वदविले असे आपण सात शतके श्रद्धेने सांगत आलो, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे आजही पूजिली जाते, आणि त्याच रेड्याच्या जातीचे हे पारडू आपल्या चहाच्या पेल्यापायी उपाशी राहते, ही विसंगती ज्याच्या जिव्हारी लागली त्याने दूध सोडले तर त्याला लहरी म्हणणे हा अन्याय आहे. अहिंसेचा विचार ज्या भूमीत इतका सूक्ष्म झाला तेथे तरी त्याचे म्हणणे आदराने ऐकले गेले पाहिजे.

मात्र त्याच भूमीने अहिंसेच्या मर्यादांचाही विचार तितक्याच सूक्ष्मपणे केलेला आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसादी पाच यम सांगितले आणि लगेच पुढे असे म्हटले की जाती, देश, काल आणि समय यांनी मर्यादित न झालेले हे यम म्हणजे महाव्रत होय. त्यावरील व्यासभाष्यात मर्यादित अहिंसेची उदाहरणे आली आहेत: कोळ्याची हिंसा माशांपुरती असते, अन्यत्र नसते, कोणी तीर्थक्षेत्री हिंसा करीत नाही, कोणी चतुर्दशीस किंवा पुण्यदिवशी करीत नाही, कोणी देव-ब्राह्मणांच्या कारणावाचून करीत नाही. आता एखाद्या मुलाविषयी, घरी दूध नाही पण आजोळी चालेल, एरवी केक नाही पण मैत्रिणीच्या वाढदिवसाला चालेल, असे जे ठरते ते देश आणि काल यांनी मर्यादित झालेले व्रतच होय. निष्ठावंत आईबापांच्या मनाला ही तडजोड लागते, कित्येकांना ती दांभिकपणाची वाटते. परंतु जैनांनी महाव्रते साधूंना सांगितली आणि गृहस्थांना अणुव्रते सांगितली, तेव्हा गृहस्थाला ढोंगी ठरवावे असा त्यांचा हेतू नव्हता. ज्याची जेवढी शक्ती आणि जेवढा अधिकार, तेवढेच त्याचे व्रत, एवढाच त्याचा अर्थ. बालकाचा अधिकार तर गृहस्थाहूनही अलीकडचा. गौतमधर्मसूत्रात असे स्पष्ट म्हटले आहे की उपनयनापूर्वी मुलाने वाटेल तसे वागावे, वाटेल ते बोलावे, वाटेल ते खावे. स्नानापासून श्राद्धापर्यंत ज्यांनी माणसाच्या प्रत्येक क्षणावर नियमांची चौकी बसविली, त्या शास्त्रकारांनीही बालकाला ही मुभा दिली आहे, आणि ती विसरून आपल्या मुलावर महाव्रताचा भार घालणारा बाप शास्त्रकारांपेक्षाही कठोर होतो.

तथापि या मुभेने प्रश्न सुटत नाही. वाटेल ते खावे म्हटले तरी ते वाटणे कोणाच्या स्वयंपाकघरात घडते? चार वर्षांचे मूल बाजारात जात नाही, चूल पेटवीत नाही. त्याच्या पानात जे पडते ते कोणीतरी ठरविलेलेच असते. पोराला पेलाभर दूध पाजणारी आईही त्याची संमती विचारीत नाही, आणि मासळी खाणाऱ्या घरातले मूल मासळी खाते ते काही तत्त्वविचार करून नव्हे. म्हणून आईबापांनी घरात काय शिजवावे याची मुखत्यारी त्यांचीच. त्यात व्हीगन घराला वेगळा कायदा लावण्याचे कारण नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण मुलाच्या शरीराचे, आणि दुसरे मुलाच्या संगतीचे.

पहिल्या ठिकाणाविषयी बोलताना मला आदिपर्वातील उपमन्यूची कथा नेहमी आठवते. दूध, वासरू, विद्यार्थी आणि आहारावरील निर्बंध हे सारे तिच्यात एकत्र आलेले आहेत, आणि तरीही या वादात तिचे नाव कोणी काढीत नाही, याचे मला नवल वाटते. धौम्य ऋषींच्या आश्रमात उपमन्यू गुरे राखीत असे. गुरूने विचारले, तू धष्टपुष्ट दिसतोस, तुझा निर्वाह कशावर चालतो? भिक्षेवर, असे उत्तर आले. तेव्हा भिक्षा गुरूला अर्पण केल्यावाचून खाऊ नये असे बजावून गुरूने ती सारी ठेवून घेतली. शिष्य दुसऱ्यांदा भिक्षा मागू लागला. त्याने इतर भिक्षेकऱ्यांच्या पोटावर पाय येतो म्हणून तीही बंद झाली. तो गाईंचे दूध पिऊ लागला. माझ्या अनुज्ञेवाचून दूध घेणे योग्य नाही, असे गुरूने सांगितले. मग वासरे पिऊन झाल्यावर त्यांच्या तोंडाचा जो फेस बाहेर येतो तो तो चाटू लागला. त्यावर गुरू म्हणाले, ही दयाळू वासरे तुझ्यासाठी अधिक फेस टाकीत असतील आणि त्यांच्या आहारात तूट येत असेल, तेव्हा तेही सोड. शेवटी रानात भुकेने व्याकूळ झालेल्या त्या मुलाने रुईची पाने खाल्ली, त्याचे डोळे गेले, आणि आंधळा होऊन तो आडात पडला.

या कथेचे तात्पर्य आपल्याला गुरुभक्ती म्हणून शिकवितात. मला तिच्यात अधिक भेदक असे काही दिसते. गुरूने घातलेला प्रत्येक निर्बंध वेगळा घेऊन पाहिला तर तो न्याय्य आहे. वासरांच्या फेसाविषयीचा तर इतका कोमल आहे की आजच्या कोणत्याही व्हीगन तत्त्वज्ञाने त्याच्यापुढे मान लववावी. आणि या सर्व न्याय्य निर्बंधांची बेरीज म्हणजे एक आंधळे मूल. काय खाऊ नये हे सांगणाऱ्याने मग काय खावे याचे उत्तर दिले नाही, आणि ते उत्तर मुलाने स्वतः शोधले तेव्हा त्याच्या हाती विषारी पान आले. धौम्यांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की तिन्हीसांज झाली, शिष्य परतला नाही, तेव्हा आपण त्याला सर्वच बाबतीत अडविले हे त्यांनी बोलून दाखविले, ते रानात गेले आणि हाका मारीत फिरले, आणि पुढे अश्विनीकुमारांच्या स्तुतीचा मार्गही त्यांनीच सांगितला. अश्विनीकुमार हे देवांचे वैद्य. निर्बंध घालणाऱ्याच्या तोंडूनच अखेर वैद्याचे नाव निघाले, हा तपशील व्यासांनी विनाकारण घातलेला नाही.

आज त्या वैद्याचे म्हणणे काय आहे ते थोडक्यात असे. बी-१२ हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू तयार करतात. भरवशाचे असे ते कोणत्याही धान्यात, डाळीत वा भाजीत नाही. प्रौढ माणसाच्या यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, मुलाच्या पुरत नाही, आणि त्याची उणीव रक्तावर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करते. म्हणून व्हीगन मुलाला ते औषधरूपाने, वैद्याच्या सल्ल्याने, नियमित दिलेच पाहिजे. येथे श्रद्धेला, निसर्गोपचाराला किंवा पूर्वजांच्या दाखल्याला वाव नाही. ही उणीव केवळ व्हीगनांची आहे असेही कोणी समजू नये: पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यात सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले, आणि त्या माता काही व्हीगन नव्हत्या. बाकीच्या गोष्टी आपल्या कोठीत आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात त्याच्या सुमारे तिसरा हिस्सा. तीळ, राजगिरा, अळीव, शेंगदाणे, मटकी, कुळीथ यांचा वापर आपल्या आज्यांना सांगावा लागत नव्हता. तज्ज्ञांत मतभेद जरूर आहेत. २०१६ साली अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संस्थेने नीट आखलेला व्हीगन आहार बालपणीही पुरेसा होतो असे मत दिले, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या पोषणसंस्थेने मुलांसाठी तो आहार आपण सुचवीत नाही असे जाहीर केले. परंतु बी-१२ च्या बाबतीत दोघांचा निवाडा एकच होता. ज्या आईबापांना हा निवाडा मान्य नाही, त्यांना मुलाच्या बाबतीत हे व्रत चालविण्याचा अधिकार नाही, असे मी निःशंकपणे म्हणतो. वासरावर दया करणाऱ्याने पोटच्या पोरावर आधी करावी.

शाळेच्या डब्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. आपल्याकडचा डबा मुळातच या व्रताच्या जवळ आहे: पोळी-भाजी, थालीपीठ, घावन, कांदेपोहे, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी यांतून तुपाचा चमचा वगळला की काम भागते. शासनाच्या शालेय पोषण आहाराचे प्रमाण पाहावे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी आणि पाच ग्रॅम तेल, त्यातून साडेचारशे कॅलरी आणि बारा ग्रॅम प्रथिने मिळावीत असा हिशेब आहे, आणि त्या मूळ प्रमाणात दुधाचा थेंबही नाही. तेव्हा दुपारची सुट्टी हे या मुलाचे संकट नव्हे. संकट येते ते वर्गात कोणाचा वाढदिवस असतो त्या दिवशी, सर्वांनी टाळ्या वाजविल्यावर बाकाबाकावर चॉकलेट फिरू लागते तेव्हा.

येथे महाभारतातलेच दुसरे एक मूल आठवते. धनवानांची मुले दूध पिताना पाहून अश्वत्थामा रडू लागला. त्याला तांदळाच्या पिठाचे पाणी दूध म्हणून देण्यात आले. ते पिऊन आपण दूध प्यालो अशा आनंदाने तो नाचू लागला आणि भोवतालची मुले हसली. द्रोणांनी पुढे भीष्मांना ही हकिगत सांगितली तेव्हाही ती जखम ओली होती, आणि द्रुपदाकडे याचना करण्यास ते निघाले ते या घटनेनंतर. पिठाच्या पाण्याने त्या मुलाचे शरीर बिघडले असे कोठे म्हटलेले नाही. बिघडले ते दुसरेच. त्याला खोटे सांगितले गेले होते, आणि ते खोटे आहे हे त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक होते. म्हणून बदामाचे किंवा सोयाबीनचे दूध मुलाला त्याच्या खऱ्या नावाने द्यावे, वाढदिवसाचा केक नारळाच्या दुधाचा असेल तर तसे सांगून द्यावा, आणि इतर मुले खातात ते आपण का खात नाही याचे उत्तर त्याला त्याच्या वयाला पेलेल अशा शब्दांत आधीच मिळालेले असावे. काही आया वर्षारंभीच वर्गशिक्षिकेपाशी राजगिऱ्याच्या लाडवांचा किंवा गुळाच्या चिक्कीचा डबा ठेवतात, म्हणजे चॉकलेट वाटताना या मुलाचा हात रिकामा राहत नाही. युक्ती चांगली आहे, तिचा उपयोगही होतो. परंतु ज्या वयात सर्वांसारखे असणे हेच मुलाचे सर्वात मोठे सुख असते, त्या वयात वेगळा लाडू हा वेगळाच राहतो, आणि ते दुःख आपण त्याला दिले आहे हे आईबापांनी मनाशी मान्य करावे. ते मान्य केले की मुलाने एखाद्या दिवशी चॉकलेट तोंडात टाकले तर त्याच्यावर डोळे वटारण्याची इच्छा होत नाही.

आता प्रसादाकडे वळतो. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. चॉकलेट नाकारल्याने फार तर मित्र रुसतो. प्रसाद नाकारल्याने आजीच्या मनात भय उत्पन्न होते, आणि त्या भयाला पोथीचा आधार आहे. सत्यनारायणाच्या कथेत कलावती पतीच्या भेटीच्या घाईत प्रसाद न घेता धावली आणि किनाऱ्याला लागलेली नौका बुडाली. तुंगध्वज राजाने प्रसाद टाकला आणि शंभर पुत्र व सारे ऐश्वर्य गमावले. ही कथा ऐकून ज्यांची पन्नास वर्षे गेली, ज्यांनी सव्वाच्या मापाने रवा, तूप, साखर, दूध आणि केळी घेऊन तो शिरा सोवळ्याने केला, त्यांच्या नातवाने तो नको म्हणावा, हा त्यांना आहाराचा प्रश्न वाटतच नाही. परंतु तुंगध्वजाची गोष्ट नीट वाचावी. त्याला प्रसाद दिला होता तो रानात गुरे राखणाऱ्या गोपांनी. राजाने पूजेला नमस्कार केला नाही, तो त्यांच्याजवळ गेला नाही, आणि त्यांनी आणून पुढे ठेवलेला प्रसाद तसाच टाकून निघाला. कथेने दोष ठेवला आहे तो त्याच्या गर्वावर. वासराच्या कणवेने हात मागे घेणारे मूल तुंगध्वज नव्हे. मात्र नाक मुरडून हात मागे घ्यावयास ज्याला शिकविले, देणाऱ्यापेक्षा आपण अधिक शुद्ध आहोत अशी ज्याची समजूत करून दिली, ते मूल तुंगध्वज होण्याच्या वाटेवर असते, आणि त्याला त्या वाटेवर घालणारे आईबापच असतात.

आपल्या देशात या शुद्धीच्या गर्वाची शंका अधिक तीव्र असली पाहिजे. दुसऱ्याच्या हातचे न खाणे याला येथे जो इतिहास आहे तो कलंकित आहे. पंक्तिभेद, सोवळे, विटाळ या नावांखाली माणसाने माणसाला ताटापासून दूर ठेवले, आणि ते करताना प्रत्येक वेळी शुद्धीचेच कारण पुढे केले. त्याविरुद्ध संतांनी जे केले त्याचे सर्वांत सुंदर रूप म्हणजे काला. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी वारकरी एकमेकांच्या मुखी काला घालतात, तेव्हा कृष्णाने सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून समभाव प्रस्थापित केला त्याचे स्मरण करतात. त्या काल्यात दही असते. तो नाकारणारे मूल हिंसेला नकार देते की समतेला, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही; पुष्कळदा ते त्या मुलालाही कळत नाही. मला स्वतःला विचाराल तर काल्याच्या वेळी, कोणीतरी घास पुढे केला असता, मुलाने तो घ्यावा असेच मी म्हणेन. गाईवर त्याने होणारा अन्याय एका बोटभर दह्याइतका आहे, आणि एकत्र जेवण्याचा संस्कार मोडला तर होणारी हानी मापता येण्याजोगी नाही. हे मत महाव्रत्याला पटणार नाही हे मी जाणतो. पण मूल महाव्रती नाही.

याचा अर्थ सणांनी बदलू नये असा मात्र नाही, आणि देवाला दुधाचाच नैवेद्य लागतो असेही कोणी म्हणू नये. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर संतोष मानला आहे. गणपतीच्या उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी, नारळ आणि गूळ; तुपाऐवजी तेलाचा हात लावला तर मोदकाचे मोदकपण जात नाही. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानांत उकडलेल्या पातोळ्या, नारळाच्या गूळमिश्रित रसातले शिरवाळे, पुरणपोळीबरोबर नारळाचे दूध, संक्रांतीचा तिळगूळ, तेलाच्या मोहनाची चकली आणि चिवडा, हे सारे या व्रतासाठी कोणी मुद्दाम शोधून काढलेले पदार्थ नव्हेत. त्यांतले नारळाचे पदार्थ समुद्रकाठी नारळ मुबलक आणि दुभते बेताचे म्हणून घडले. कोजागिरीला मात्र अडते. चंद्राखाली आटविलेल्या दुधाची जागा नारळाचे दूध केशर-जायफळ घालूनही पुरती घेत नाही, आणि घेते असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

माझ्या परिचयातील एका घरी सुनेने सासूबाईंना जे सांगितले ते मला फार योग्य वाटले. ती म्हणाली, “आई, नैवेद्य तुम्ही तुमच्याच रीतीनं करा, त्यात मी काही बदलायला सांगणार नाही. फक्त प्रसाद देताना त्याला विचारा, ‘बाळ, घेतोस का?’ तो हो म्हणाला तर द्या, नको म्हणाला तर तुळशीचं पान द्या.” सासूबाईंना हे लगेच रुचले नाही. प्रसाद विचारून द्यावयाचा नसतो असे त्या म्हणाल्या, आणि परंपरेच्या दृष्टीने त्यांचे खरे होते. पण तुळशीचे पानही प्रसादच, हे त्यांना नाकारता आले नाही.

मुलाला विचारावे, हे म्हणणे सोपे आहे. त्या विचारण्याला किती अर्थ आहे याविषयी गांधीजींनी जे प्रांजळपणे लिहून ठेवले ते या संदर्भात मननीय आहे. १९०२ साली मुंबईत त्यांच्या मणिलाल नावाच्या दहा वर्षांच्या मुलाला विषमज्वर झाला, त्यात न्यूमोनियाची लक्षणे दिसू लागली, आणि पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचे सूप द्यावे असे सुचविले. गांधीजींनी मुलाला विचारले. त्याने नको म्हटले. त्यांना आनंद झाला. परंतु आपण ते पदार्थ दिले असते तर त्याने ते घेतलेही असते, हेही त्यांनी त्याच ठिकाणी नमूद केले आहे. मुलाची संमती ही पुष्कळदा बापाच्याच इच्छेची प्रत असते, हे त्यांच्याइतक्या निष्ठुरपणे स्वतःविषयी फार थोड्यांनी लिहिले असेल. मुलगा बरा झाला. तो परमेश्वराच्या कृपेने, जलोपचाराने की पथ्याने आणि शुश्रूषेने, याचा निर्णय त्यांनी दिला नाही. पुढे १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर आपले स्नेही कालेनबाख यांच्याबरोबर त्यांनी स्वतः दूध सोडले, आणि १९१९ च्या आरंभी मरणाच्या दारातून परतताना कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध घेतले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती, असा अर्थ त्यांनी लावला. पण व्रताचे अक्षर राखले आणि आत्मा दुखावला ही बोच त्यांनी आयुष्यभर बाळगली. प्रौढ, निग्रही, स्वेच्छेने व्रत घेतलेल्या पुरुषाची ही अवस्था, तर आठ वर्षांच्या मुलीकडून आपण कोणत्या तोंडाने निरपवाद आचरणाची अपेक्षा करावी?

आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने शाळांत आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, असा निर्णय काढला तेव्हा त्यावर बराच वाद झाला. आदिवासी भागातील अमृत आहार योजनेतही अंडे किंवा केळे असाच पर्याय आहे. ज्याच्या घरी डाळही रोज शिजत नाही अशा मुलाच्या थाळीतील अंड्यावर आपल्या व्रताची हरकत दाखल करण्याचा हक्क शहरातील सुस्थित घरांना पोचत नाही. स्वतःच्या मुलाच्या बाबतीत ज्याची मुखत्यारी इतक्या अटींनी बांधलेली आहे, त्याला परक्या मुलाची मुखत्यारी कोठून मिळणार?

उपमन्यू आणि अश्वत्थामा यांच्यापेक्षा वेगळे असे एक मूल कठोपनिषदात आहे. वाजश्रवस सर्वस्वाचे दान करीत होता, आणि दानात ज्या गाई चालल्या होत्या त्यांचे पाणी पिऊन संपले होते, गवत खाऊन संपले होते, दूध पिळून संपले होते. यज्ञाला जमलेल्या विद्वानांपैकी कोणाला त्यात वावगे दिसले नाही. दिसले ते त्याच्या मुलाला, नचिकेत्याला, आणि उपनिषद म्हणते की तो अजून कुमारच होता. त्याने बापाला विचारले, मला तुम्ही कोणाला देणार? बाप दोनदा गप्प राहिला, तिसऱ्यांदा संतापला. मुलाच्या ठिकाणी श्रद्धा उपजते ती बापाने सांगितली म्हणून नव्हे, त्या गाई त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिल्या म्हणून. व्हीगन घरातल्या मुलाचे व्रत जर कधी त्याचे स्वतःचे होणार असेल तर ते असेच होईल: दहाव्या-बाराव्या वर्षी एखाद्या गोठ्यात, दावणीला बांधलेल्या पारडापाशी. आणि दूध पिणाऱ्या घरातल्या मुलाच्या बाबतीतही ते तसेच घडू शकते, याची तयारी त्या घरांनी ठेवावी. तेथेही मूल विचारील, आणि तेथेही बाप बहुधा आधी गप्प राहील. उलट, व्हीगन घरातले मूल गोठा पाहूनही मला दही आवडते असे म्हणू शकते. तेव्हा त्याच्या पानात दही वाढावे लागले, तर ते आईने वाढावे. चोरून शेजारी खावयास लावू नये.

जून महिन्यात शाळा सुरू होतात तेव्हा हे आईबाप वर्गशिक्षिकेस एक चिठ्ठी देतात. आमचे मूल दूध, तूप, मध व अंडे यांचे पदार्थ खात नाही, कृपया देऊ नये, असा तिचा मजकूर असतो. मला तीत दोन वाक्यांची भर घालावीशी वाटते. त्याने आपण होऊन मागितले तर त्याला अडवू नये. आणि त्याने काय खाल्ले ते त्याने स्वतः सांगितल्यावाचून आम्हाला कळवू नये.